इथे मजकूर येईल

सकाळी ती "जाते" म्हणाली होती. "येते" नाही, "जाते". हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो ऑफिसात मीटिंगला बसला होता, समोरच्या भिंतीवर गळतीचा आलेख पडला होता, आणि तोंडाशी नेलेला कॉफीचा कागदी कप होता तिथेच थांबला. सकाळी तो दाढी करत होता. गालाला फेस, बेसिनचा नळ चालू. बाहेर बायकोने पायात चपला सरकवल्या, किल्ल्या उचलल्या, आणि म्हणाली, "जाते रे." आरशात बघत, वरचा ओठ ताणून धरलेला असतानाच तो म्हणाला, "ये." दार लागलं. त्याने हनुवटी पुरी केली, तोंड धुतलं, कपडे केले, कुलूप लावलं, लिफ्टमध्ये शेजारच्या आजोबांशी हवेबद्दल बोलला. कुणी "येते" म्हटलं की "ये" म्हणायचं, हे त्याच्या तोंडाला इतकं बसलेलं होतं की तोंडाने कानाला विचारलंच नव्हतं. आणि आता, इतक्या वेळाने, कान सावकाश सांगायला आला होता की अरे, ती काय म्हणाली ते ऐकलंस का.

ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. नळ चालू होता. "येते" आणि "जाते", शेवटचं अक्षर तर एकच. पहिलं पाण्याच्या आवाजाने खाल्लं असेल. पण पाणी अक्षर खाऊ शकतं, त्याच्या जागी दुसरं आणून बसवत नाही. "जा" त्याने ऐकला होता, स्वच्छ, रोजच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, रागाने माणूस काहीही बोलतो. ती तर टॉवेल आत आणून ठेवलाय असं सांगावं तशी म्हणाली होती. दुसऱ्या एखाद्या घरात असं झालं असतं तर ते कुणाच्या गावीही नसतं. काही लोक म्हणतातच "जातो". त्याच्या आईला खपायचं नाही. शाळेला निघताना तो "जातो" म्हणाला की ती जिन्यावरून परत बोलवायची आणि "येतो" म्हणेपर्यंत दप्तराचा पट्टा सोडायची नाही. ते झालं आईचं. पण त्याच्या घरात त्या शब्दावर चूल पेटत होती. त्या शब्दाने त्याला बढती दिली होती, खिडकीजवळची जागा दिली होती, आणि सगळं ऑफिस त्याला "येतोबा" म्हणायचं तेही त्या शब्दामुळेच.

कंपनी सॉफ्टवेअर विकायची, म्हणजे विकायची पण कुणाला देऊन टाकायची नाही. तो नोकरीला लागला तेव्हा अजून खोकी होती. दातांचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, व्यायाम करून घेणारे, यांच्या पेशंटांच्या वेळा सांभाळणारं ते सॉफ्टवेअर एका चकतीवर यायचं, चकती खोक्यात, खोक्यावर पांढरे दात दाखवणारी बाई. डॉक्टर एकदा पैसे मोजायचे, खोकं काखेत मारून न्यायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. त्यांचं पुढे काय झालं याची कुणाला पडलेली नसायची. मग खोकी गेली. आता सगळं कुठेतरी लांबच्या यंत्रांवर राहायचं आणि डॉक्टरांनी महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरून नुसतं दार उघडं ठेवायचं. वर्गणी थांबली की दार बंद. त्यामुळे कोण आलं यापेक्षा कोण निघालं याचीच चिंता सगळ्यांना. निघून जाणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे गळती. साहेब प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "आपल्याकडे गिऱ्हाईक कुणी नाही. आपल्याकडे फक्त अजून न गेलेली माणसं आहेत." या साहेबांच्या तोंडी उठता-बसता "वाढ" असायची, वाढ कुठे आहे, वाढ का दिसत नाही, म्हणून ऑफिसने त्यांचं नाव "वाढपी" ठेवलं होतं. पानात मात्र कुणाच्या काही पडल्याचं ऐकिवात नव्हतं.

आणि तो होता शब्द लिहिणारा. स्क्रीनवर जे जे दिसतं, बटणांवरची अक्षरं, पेशंटांना जाणारे मेसेज, चुकलं तर चुकलं म्हणून सांगणारी ओळ, ते सगळं त्याचं. लोकांना वाटतं यंत्रच बोलतं. बोलत तो असायचा. "बंद करा" असं बटण होतं तेव्हा लोक ते दाबायचे आणि बंद करायचे, त्यात काही गंमत नव्हती. त्याने ते काढलं आणि तिथे लहान, राखाडी अक्षरांत "येतो" लिहिलं. डॉक्टरीणबाई असतील तर "येते", हेही त्यानेच हट्ट धरून करून घेतलं होतं. निघालेला माणूस ते बघून हसायचा. किती रीतीची माणसं, असं त्याला वाटायचं, आणि तो समाधानाने "येतो" दाबून आपल्या कामाला लागायचा. अकाउंट बंद व्हायचं नाही, फक्त झोपायचं. तीन महिन्यांनी उठून बसायचं, वर्गणीसकट. निघून गेलेला माणूस गेलाच नव्हता, कारण तो स्वतःच "येतो" म्हणाला होता. गळती निम्म्यावर आली. वाढपीने त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली होती.

आज भिंतीवर पुढचं होतं. माणूस "येतो" दाबायला येण्याच्याही आधी त्याला ओळखायचं आणि तिथेच अडवायचं. "जाणारा माणूस आधी काय करतो?" वाढपीने विचारलं. कुणीतरी म्हणालं, तक्रार करतो. वाढपी खूश झाला. चुकीचं उत्तर आलं की तो खूश व्हायचा. "तक्रार करतो तो राहणारा असतो. त्याला अजून वाटत असतं की तुम्ही काहीतरी कराल. जाणारा गप्प होतो. मग एक दिवस येतो आणि आपल्या पेशंटांच्या याद्या, जुने एक्स-रे, सगळं निमूटपणे स्वतःकडे उतरवून घेतो. तेव्हा समजायचं, हा गेला. अजून वर्गणी भरतोय, पण गेला."

त्याने कप टेबलावर ठेवला. बेसिनचा नळ ठिबकायचा, त्यावरून ती किती दिवस बोलत होती. मग बोलायची थांबली. त्याला वाटलं होतं नळ थांबला. नळ तर आज सकाळीही ठिबकत होता. जेवताना ती मध्येच विचारायची, "ऐकतोयस का?" तो म्हणायचा, "हो, बोल." हे शेवटचं कधी झालं ते त्याला आठवेना. ओल्या टॉवेलावरून नाही, सुट्टीवरून नाही, मुलाच्या विषयावरून तर कधीपासूनच नाही. घर शांत झालं होतं आणि त्या शांततेत तो मजेत होता. परवाच एका मित्राला तो म्हणाला होता, "हल्ली आमचं बरं चाललंय." आणि मध्यंतरी एका रविवारी ती जुना कॉम्प्युटर काढून बसली होती. तिच्या आईचे फोटो, तिच्या पोहण्याच्या स्पर्धांचे फोटो एकेक करून उतरवून घेत होती. "तुला यातले हवेत का?" तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आत्ता नको."

"येतोबा," वाढपी म्हणाला, "शब्द तुझे. माणूस गप्प झालाय. त्याला काय दाखवायचं?"

"मला जरा घरी फोन करायचाय."

"कर की. पण संध्याकाळपर्यंत दोन ओळी दे. हृदयाला भिडणाऱ्या."

तिने फोन उचलला नाही. त्यात नवल नव्हतं. ती तरणतलावावर शिकवायची आणि दिवसाचा निम्मा वेळ पाण्यात असायची, फोन कपाटात. एरवी तो दुसऱ्यांदा करायचाही नाही. आज त्याने जिन्यात उभं राहून परत परत केला आणि प्रत्येक वेळी त्या लांबलचक वाजण्यात त्याला काहीतरी नवं ऐकू आलं. मग मेसेज लिहायला घेतला. "काही मनात असेल तर सांग" असं लिहिलं आणि पुसलं, कारण निघालेल्या गिऱ्हाइकाला अडवणारा पहिला स्क्रीन तेच म्हणायचा. "घाईने काही ठरवू नकोस" लिहिलं, तो दुसरा. "मला तुझी आठवण येईल" यातलं फक्त "मला तुझी" नवं होतं, बाकी सगळं वापरलेलं. बायकोला सांगावं असं त्याच्याजवळ जे जे होतं ते सगळं त्याने आधीच दातांच्या डॉक्टरांना सांगून टाकलं होतं. शेवटी त्याने "जेवलीस?" एवढंच पाठवलं आणि ते तिने बघितलं का, हे बघत पायरीवर बसला.

तिथेच त्याला सपोर्टमधली मुलगी शोधत आली. "सर, एक डॉक्टरीणबाई आहेत लाइनवर. दातांच्या. साहेब नको म्हणतायत. ज्याने हे लिहिलंय त्यालाच द्या म्हणतायत."

त्याने फोन कानाला लावला.

"तुम्ही लिहिता का हे?" आवाज म्हातारा होता आणि सकाळपासून बोलून दमलेला.

"हो, डॉक्टर."

"'येताय ना?' तुमचंच?"

"हो."

"मग ऐका. मी दवाखाना बंद केला, तीन महिने झाले. हात थरथरतात आता. थरथरत्या हाताने कुणाच्या तोंडात सुई घालू? तुमच्यात जाऊन सगळं बंद करून आले. खाली 'येते' होतं ते दाबलं. म्हटलं, काय गोड लोक आहेत. आणि काल माझ्या सगळ्या पेशंटांना मेसेज गेले, उद्या तुमची वेळ आहे, येताय ना. सकाळपासून लोक दारात उभे आहेत. एक जण तर गाल सुजवून आलाय."

"डॉक्टर, आम्ही दिलगीर आहोत, आपल्याला झालेल्या..."

"ते राहू द्या. त्या गालाचं मी बघते काहीतरी. माझं म्हणणं वेगळंच आहे. आमच्या ह्यांचे दात मीच बघायची. ते तुमच्या यादीत होते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचा फोन मी कपाटात ठेवलाय. बंद करवत नाही, म्हणून अधूनमधून चार्ज करते. काल संध्याकाळी तो कपाटात वाजला."

जिन्यात खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट देण्यासाठी त्याने पाय आखडून घेतले.

"उघडून बघितलं. उद्या तुमची वेळ आहे, येताय ना. खाली दोन बटणं. 'हो' आणि 'आत्ता नको'. मी ते हातात घेऊन बसले. नाही म्हणायची सोयच नाही हो तुमच्यात. मेलेल्या माणसाने दाबायचं काय?"

"मी लिहायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही काय लिहायला हवं होतं ते मला नका सांगू. मला जायचंय. कसं जायचं तेवढं सांगा."

खरोखर बंद करायचा एक रस्ता होता. तो गिऱ्हाइकाला दिसायचा नाही. ऑफिसातल्या मोजक्या लोकांना माहीत होता आणि तोही वाढपीला विचारून वापरायचा. वाढपी सहसा हो म्हणत नसे. तो जागेवर आला, फोन खांद्याने कानाशी धरला आणि विचारल्याविना आत शिरला. एकामागून एक दारं उघडत गेला. कारण विचारलं गेलं, कारणांमध्ये थरथरणारे हात नव्हते, नवरा नव्हता, त्याने "इतर" दाबलं. नक्की का, असं विचारलं, त्याने हो म्हटलं. मग पान पांढरं झालं. पार पांढरं, आणि मधोमध फिकट अक्षरांत एक ओळ: इथे मजकूर येईल.

क्षणभर त्याला कळेना की हे काय आहे, आणि मग कळलं. स्क्रीन बांधणारी पोरं आधी नुसता सांगाडा उभा करतात आणि जिथे जिथे शब्द यायचे तिथे हे टाकून ठेवतात. मग तो येतो आणि ते पुसून आपले शब्द घालतो. या पानाबद्दलही त्याला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा वाढपी म्हणाला होता, "तिथवर कोण पोचतंय? सावकाश दे." त्याने सावकाश म्हणून दिलंच नाही. लोकांना अडवायला त्याने शेकडो ओळी लिहिल्या होत्या, चार चार वेळा बदलल्या होत्या, एका स्वल्पविरामावरून भांडला होता. जो खरोखर गेला त्याला काय म्हणायचं हे त्याने एकदाही लिहिलं नव्हतं. आतापर्यंत जे कुणी या दारातून गेले त्या सगळ्यांना निरोप देताना त्याची कंपनी एवढंच म्हणाली होती.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"काय म्हणतंय?"

"काही नाही म्हणत, डॉक्टर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तो त्या पांढऱ्या पानाकडे बघत राहिला आणि त्याला ते दार आठवलं. काही वर्षांपूर्वीचं, घरचं. भांडण नळावरून निघालं होतं आणि सरकत सरकत मुलापर्यंत पोचलं होतं. तिला मूल हवं होतं. तो नको कधीच म्हणाला नव्हता; तो दर वेळी "आत्ता नको" म्हणाला होता. त्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली, डोळे लाल, आणि म्हणाली, "जाते मी." त्याला काही सुचेना. अडवायचं कसं, हात धरायचा का, आणि तोंडातून जे निघालं ते आईचं निघालं. "जाते नको म्हणूस. येते म्हण, मग जा." ती रडता रडता हसली. म्हणाली, "येते," आणि जिना उतरून गेली. तो गॅलरीत आला नाही, त्याची छातीच झाली नाही. थोड्या वेळाने बेल वाजली. "काय माणूस आहेस," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "येते म्हटलं आणि पायच निघेनात." त्या दिवशी ती दोघं जमिनीवर बसून हसली होती. त्यात काही खोट नव्हती, हे तो आजही शपथेवर सांगू शकला असता. तो खरंच घाबरला होता आणि ती खरंच परत आली होती. पण पुढच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये वाढपी गळतीवरून सगळ्यांच्या मागे लागला होता, आणि कुणालाच काही सुचत नव्हतं, आणि तो म्हणाला, "'बंद करा'च्या ऐवजी 'येतो' लिहिलं तर?"

तिला ते त्याने सांगितलं नाही. सांगितलं वाढपीने, ऑफिसच्या वार्षिक जेवणात. "वहिनी, तुमच्या नवऱ्याने एका शब्दावर कंपनी तारली," असं म्हणून त्याने रंगवून सगळं सांगितलं. ती ग्लास धरून ऐकत होती. "हो का," म्हणाली, "छान आहे." घरी येताना टॅक्सीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग तीन महिन्यांनी ते आपोआप चालू होतं?"

"हो."

"त्या माणसाला न विचारता?"

"खाली बारीक अक्षरात असतं लिहिलेलं."

"हं," ती म्हणाली होती. आता त्याला वाटलं, गप्प बसायला सुरुवात तिथेच झाली. त्या "हं"नंतर तिने कशाचीच तक्रार केली नव्हती.

तो उठला, दोन ओळी न देता निघाला. रस्त्यावर नेहमीचंच ऊन होतं. कुणी दुकानाची काच पुसत होतं, सिग्नलला गाड्या थांबत होत्या आणि सुटत होत्या, बसथांब्यावर एक बाई फोनवर कुणालातरी "बरं, येते हं, ठेवते" म्हणत होती आणि त्याला तिला थांबवून विचारावंसं वाटलं की नक्की का. चालता चालता तो मनात तिच्यासमोर एकेक मांडत होता. नळ आजच दुरुस्त करतो. मुलाचं, हो, मुलाचंही, अजून वय गेलेलं नाही. फोन जेवताना बाजूला ठेवतो. नोकरी सोडतो, बस. प्रत्येक वेळी देऊ केलेलं वाढत होतं, आणि हेही त्याला ओळखीचं होतं. निघालेल्याला आधी थोडं द्यायचं, तो वळला नाही की जास्त. रडू येईल असं वाटत होतं आणि येत नव्हतं.

तरणतलावाच्या दारातच तो वास आला, औषध घातलेल्या पाण्याचा, तिच्या केसांचा, त्याच्या उशीचा. इथेच तो तिला पहिल्यांदा भेटला होता. मोठ्या वयात पोहायला शिकायला आलेला, कडेची भिंत दोन्ही हातांनी धरून उभा. बाकीचे तरंगायला लागले तरी हा भिंतीशीच. ती पाण्यात त्याच्याजवळ येऊन म्हणाली होती, "भिंत कुठे जात नाही. तुम्ही सोडा." त्याने सोडली नाही, पोहणं राहिलंच आणि लग्न झालं. आज काचेपलीकडे ती पाण्यात होती, कमरेइतक्या, आणि एक जाडजूड गृहस्थ तसेच भिंत धरून उभे होते. ती त्यांना काहीतरी सांगत होती. तिने त्याला बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा त्या गृहस्थांकडे वळली. तो काचेलगतच्या बाकावर बसला. बाकाखाली एक मोठी बॅग होती. ती त्याच्या ओळखीची होती; दोघं एकदाच बाहेरगावी गेली होती तेव्हा घेतलेली. त्याने ती पायाने जराशी ढकलून बघितली, भरलेली होती.

वर्ग सुटला. ती कपडे करून आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. टॉवेल खांद्यावर घेऊन ती त्याच्याशेजारी बसली.

"आज लवकर सुटलास?"

"निघालो," तो म्हणाला. "तू सकाळी जाते म्हणालीस."

केस पुसणारा तिचा हात थांबला. "आज ऐकलंस?"

"आज म्हणजे?"

"महिना झाला असेल. रोज म्हणतेय. पहिल्यांदा चुकून गेलं तोंडातून. तू ये म्हणालास. म्हटलं, लक्ष नसेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हटलं. एकदा तू समोर बसून बूट घालत होतास, तेव्हा म्हटलं, तुझ्याकडे बघून. तरी ये." तिने टॉवेल मांडीवर घेतला. "ज्या दिवशी हा ऐकेल त्या दिवशी बसून बोलायचं, असं ठरवलं होतं. वाट बघितली रे मी."

"ऐकलं ना आज मी."

"कुठे ऐकलंस? दारात होतास तेव्हा?"

"मीटिंगमध्ये."

ती हसली. मनापासून हसली, बऱ्याच दिवसांनी, आणि हसता हसता तिने डोळे टॉवेलाने पुसले. "मीटिंगमध्ये," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, दुसऱ्या गावातल्या तलावावर तिला काम मिळालंय, लहान मुलांना तयार करायचं. राहायला बहिणीकडे. आजचा वर्ग शेवटचा होता. हे सगळं तिने त्याला घरी सांगायचं ठरवलं होतं, पण घरी ऐकणारं कुणी नव्हतं.

"असं करू," तो घाईघाईने म्हणाला, "आत्ता एकदम काही ठरवू नकोस. तू जा बहिणीकडे. तीन महिने राहा, आणि मग..." आणि त्याचे त्यालाच शब्द ऐकू आले.

ती रागावली नाही. "मग काय? आपोआप चालू होणार मी?"

त्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं आणि उत्तराऐवजी जे आलं ते रडू होतं. इतका वेळ अडलेलं, ओंगळ, नाकातोंडातून वाहणारं. "नको जाऊस," तो म्हणाला. "मला नाही जमणार. मला काहीच नाही जमत तुझ्याशिवाय. नको जाऊस ना." काचेपलीकडे ते जाडजूड गृहस्थ पायऱ्या चढून वर येत होते, ते क्षणभर बघून दुसरीकडे वळले. तिने त्याचा हात हातात घेतला. तिची बोटं पाण्याने सुरकुतलेली होती.

"हे चांगलं म्हणालास," ती हळूच म्हणाली. "हे लिहिलेलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. मी गेलेय रे. आता नुसतं इथून उठायचं राहिलंय."

तिने हात सोडवून घेतला, टॉवेलाची घडी केली, बॅगेत कोंबला, चेन लावली. उभी राहिली आणि गेली नाही. "मागच्या वेळी तू मला जाऊ दिलं नाहीस," ती म्हणाली. "या वेळी नीट जाऊ दे. काहीतरी म्हण."

त्याने तोंड उघडलं. आत पांढरं पान होतं. घशाशी "ये" आला होता, सवयीचा, रोजचा, आणि त्याने तो दातांनी धरून ठेवला. दुसरं काही येईना. ती वाट बघत होती, बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. आणि शेवटी जे आलं ते त्याने कुठल्याच स्क्रीनवर लिहिलेलं नव्हतं, ते कुणीही कुणालाही जिन्यात म्हणतं तसं होतं.

"नीट जा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "येते."

दोघांनीही ते ऐकलं. दारावर हात ठेवून ती थांबली. तिला ते दुरुस्त करता आलं असतं. तिने केलं नाही, परतही वळली नाही. दार ढकललं, बाहेर गेली, आणि दार आपल्या स्प्रिंगवर हळूहळू मिटत आलं.

तो त्या शब्दापाशी बसून राहिला. तोंडाला बसलेलं असतं, निघून जातं, त्यात काही नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? इतक्या लोकांनी इतकी वर्षं ते बटण दाबलं होतं आणि त्यांतला एकही आपण होऊन परत आलेला नव्हता. आले होते ते घड्याळाने उठवून आणलेले. तरीही त्याचा कान दाराकडे होता. तेव्हाही ती खाली जाऊन परत आली होती. बाहेर पावलं वाजली की तो ताठ व्हायचा, पावलं पुढे निघून जायची. जमिनीवरचे तिचे ओले ठसे कडांकडून सुकत गेले. आतले दिवे एकेक करून बंद होऊ लागले आणि तलावावरचा रखवालदार किल्ल्या घेऊन काचेपाशी आला.

"साहेब, बंद करायचंय," तो म्हणाला. "आत कुणी आहे का तुमचं?"

त्याने काचेतून पाण्याकडे बघितलं. पाणी स्थिर होत आलं होतं.

"नाही," तो म्हणाला.